चौकाची भिंत

उधवा गावात मनिषच्या हाताला नाव होतं. वापीच्या फ्लॅटांत वायरिंग करून हात असा बसला होता, की विटांत बसवलेला त्याचा सॉकेटचा बॉक्स गिलावा झाल्यावर बरोबर भिंतीच्या पातळीला यायचा. ना आत, ना बाहेर. नाव झालं की माणसाला दुसऱ्याचं ऐकू येईनासं होतं, तसं त्याचंही झालं होतं.

बहिणीचं, रूपीचं, लग्न ठरलं आणि कुडाच्या घराच्या जागी विटांचं घर उभं राहिलं. आतल्या खोलीच्या भिंतीत, अगदी मधोमध, मनिषने टीव्हीसाठी बॉक्स बसवला. गिलाव्याला पाड्यातलाच सुक्या गवंडी होता, बापाच्या वयाचा. तो थापी हातात धरून भिंतीकडे बघत राहिला.

"मनिष, या भिंतीला बॉक्स इथंच पायजे का रे?"

"काका, तुमी गिलावा करा. लाइटचं मला कळतं." वर मनिष मदतीच्या पोरांकडे बघून हसला. सुक्याने थापी मालात घातली.

मांडव घालायच्या सकाळी मनिष सॉकेट बसवायला निघाला. सगळे बॉक्स जागच्या जागी, मधला तेवढा गायब! तिथे नुसती गुळगुळीत भिंत.

"काका, टीव्हीचा बॉक्स कुठाय?"

सुक्या मांडवाच्या खांबाला दोरी बांधत होता. "राहिला वाटतं गिलाव्यात. लगीन होऊ दे, मंग काढून देतो."

"राहिला? डोळे गहाण ठेवले होते का? जन्म गेला कूड लिंपण्यात, सिमेंट कळणार कसं!"

सगळ्या मांडवाने ऐकावं म्हणूनच तो एवढ्या मोठ्याने बोलला. सुक्याने मान खाली घालून गाठ आवळली. रूपी दारातून म्हणाली, "दादा, आज नको ना." पण दादा कुठला ऐकतोय! त्याने भिंत ठोकून पोकळ आवाज शोधला आणि हातोडा घातला. गिलाव्याचा पोपडा खाली आला, पाठोपाठ आजूबाजूचाही.

बॉक्स उघडा पडला तसा मनिषचा हात थांबला. विसरून राहिलेला बॉक्स सिमेंटने गच्च भरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. या बॉक्समध्ये सिमेंटचा कण नव्हता. आत घडी घालून कागद कोंबला होता, वरून प्लास्टिक ताणून बांधलं होतं. कुणीतरी तो जपून झाकला होता, पुढे नीट उघडता यावा म्हणून.

का, हे कळायला फार वेळ लागला नाही. पाड्यातले लग्नाचे चौक लिहिणारी बुधीबाई गेरू आणि तांदळाचं पीठ घेऊन बायांसकट आत आली. लग्नाचा चौक, म्हणजे पिठाचं चौकोनी चित्र, आतल्या भिंतीवरच लिहायचा, आणि चौकाच्या मधोमध देवी. लहानपणापासून घरोघरी बघितलेली गोष्ट! पण इतकी वर्षं मनिषला भिंत म्हटली की वापीचीच दिसत होती.

"देवीच्या जागेवर भोक कोणी पाडलं?" बुधीबाईने विचारलं.

मनिषने हातोडा पाठीमागे लपवला. लाजेने कान तापले.

"माझा गिलावा कच्चा राहिला, बाय," मागून सुक्या म्हणाला. "पडला. आत्ता भरतो."

त्याने भोक भरलं आणि मनिषने भरू दिलं. चौक लिहिला गेला, पण ओल्या सिमेंटवर पीठ टिकेना, देवीच्या रेघा फुटल्या. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तलासरीकडचं वऱ्हाड आलं. रूपीचा सासरा चौकाशी उभा राहिला. "देवी अशी का झाली? गवंडी कोण होता? आमच्या घराचं काम त्यालाच सांगणार होतो. आता दुसरा बघू."

सुक्या दारातच होता. त्याने नजर जमिनीवर ठेवली. हळदीने माखलेली रूपी मात्र मनिषकडे बघत होती, आणि ते बघणं त्याला सोसवेना.

"गवंडी पक्का आहे," मनिष म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला, काल मांडवात ओरडला होता तेवढ्याच मोठ्याने. "गिलावाबी पक्का होता. काकांनी देवीची जागा झाकून ठेवली होती. भोक मी पाडलं."

"कशाला?" सासऱ्याने विचारलं.

सगळं वऱ्हाड ऐकत होतं.

"टीव्हीला," मनिष म्हणाला. त्याला भिंतीकडे बघवेना, आणि सुक्याकडे तर नाहीच.