लाल नळी, काळी नळी आणि मी

टक्.

दुपारची वेळ होती. घरात सगळे जरा पडले होते आणि त्या शांततेत एवढाच एक बारीक आवाज झाला. वाटीवर चमचा आपटावा, इतकाच. पण खुंटीवरून मी तो ओळखला. लोखंड मोडतं तेव्हा तसंच बोलतं.

मित्रांनो, मी एक जुनी टॉर्च आहे. टॉर्च म्हटल्यावर तुम्ही बटण शोधाल, म्हणून आधीच सांगते, अंधारात वाट दाखवणारी ती मी नव्हे. माझं अंग पितळेचं, वीतभर लांब. पाठीला दोन रबरी नळ्या आणि तोंडाला एक नोझल. एका नळीतून ॲसिटिलीन वायू येतो, दुसरीतून ऑक्सिजन. दोघे माझ्या पोटात मिसळतात आणि नोझलच्या टोकाशी सुईसारखी निळी ज्योत उभी राहते. तिच्यापुढे पोलादसुद्धा मेणासारखं वितळतं. मोडलेलं जोडून देणं हा माझा धंदा.

माझा जन्म विलायतेतला. बोटीनं कलकत्त्याला आले आणि कॅनिंग स्ट्रीटवरच्या एका हत्यारांच्या दुकानात बरीच वर्षं पडून राहिले. मोठ्या टॉर्च भराभर विकल्या जात. मला हातात घेऊन गिऱ्हाइकं म्हणत, "हे तर खेळणं आहे," आणि परत ठेवून देत. मग एक दिवस श्यामकांत आले.

श्यामकांत गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढत आणि बागबाजारात एका घराच्या तळमजल्यावर राहत. त्यांची मुलगी लीना सहा वर्षांची. पोलिओनं तिचा डावा पाय लुळा झाला होता. पायाच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या आणि खाली बूट, असं कॅलिपर बांधलं की ती चालायची, सोडलं की बसून राहायची. मूल वाढतं, पट्टी वाढत नाही. म्हणून वरचेवर तुकडा जोडून ती लांब करावी लागे. एकदा कारखान्यात दिली, तर तिथल्या मोठ्या ज्योतीनं पट्टीला भोकच पाडलं. त्यानंतर श्यामकांतांनी हे काम स्वतः शिकून घेतलं आणि माझ्यासारखी लहान टॉर्च शोधत निघाले.

दुकानदार मनोहरबाबू म्हणाले, "नळ्या जाड घ्या, बाबू. जन्मभर बघायला नको." श्यामकांतांनी जाड घेतल्या. आणि फसले. त्या नळ्या भिजलेल्या दोरखंडासारख्या जड. मी हलकी. ते मला एका बाजूला नेऊ पाहत आणि नळ्या मला दुसऱ्या बाजूला ओढत. त्यांची बायको सुचित्रा दारात उभी राहून बघत होती.

"अहो, पोरानं मागून पदर ओढावा तसं चाललंय तुमचं."

"मग काय करू?"

"पोर बदलता येत नाही. नळी बदलता येते."

दुसऱ्या दिवशी बारीक, मऊ नळ्या आल्या. लांबी सुचित्रानंच ठरवली. सिलिंडर अंगणाच्या कोपऱ्यात राहावेत इतकी लांब, पण येता-जाता लीनाच्या पायात अडकणार नाही इतकी आखूड.

नोझलचंही तसंच झालं. श्यामकांतांनी आधी मोठ्या भोकाचं लावलं. ज्योत फार मोठी, म्हणून वायू कमी केला. तर ज्योत उलटी माझ्याच तोंडात शिरून फट् फट् वाजू लागली. मित्रांनो, मोठ्या नोझलची ज्योत दाबून लहान करता येत नाही. तिला तोंडच लहान लागतं. शेवटी सगळ्यांत बारीक नोझल बसवलं, तेव्हा कुठे मी शहाण्यासारखी जळू लागले.

श्यामकांतांनी सुचित्राला सगळं समजावून दिलं. लाल नळी ॲसिटिलीनची, काळी ऑक्सिजनची. लालचे नट उलटे फिरतात, म्हणजे चुकून अदलाबदल व्हायला नको. जोडावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले तर वायू गळतोय. ॲसिटिलीन गळला तर वासानंही कळतं, लसणासारखा वास येतो.

"आणि तेल? तेल कधीच नाही. काळ्या नळीतला ऑक्सिजन तेलाला भेटला की भडका उडेल. हातातच फुटेल ही."

सुचित्रानं हे ध्यानात ठेवलं. पण घरातल्या तिसऱ्या मोठ्या माणसाला सांगायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

ते तिसरं माणूस म्हणजे प्रेमलताबाई, श्यामकांतांच्या आत्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या, साताऱ्याहून आलेल्या. श्यामकांतांना त्यांनीच वाढवलं होतं. रोज सकाळी त्या तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा कढवून लीनाचा पाय चोळत. म्हणत, "मुरलं पाहिजे गं. एक दिवस हा पाय मला लाथ मारील बघ." लीना हसायची.

खंडेनवमीला सुचित्रानं घरातली हत्यारं पाटावर मांडली. विळी, कातरी, हातोडी, श्यामकांतांची कंपासपेटी आणि मधोमध मी. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि ती पुरणाकडे धावली. त्या वर्षी माझं कौतुक झालं म्हणून मी खूश होते.

आता त्या 'टक्'कडे येते. तो दसऱ्याचा दुसरा दिवस होता. वरच्या मजल्यावरच्या सरलामाशींनी विजयेसाठी, म्हणजे बंगाल्यांच्या दसऱ्याच्या भेटीगाठींसाठी, नारळाचे नाडू, म्हणजे लाडू, केले होते आणि लीनाला बजावलं होतं, "यंदा आपल्या पायानं वर ये, मग नाडू." सगळे झोपलेले पाहून ती एकटीच जिन्याकडे निघाली. पहिल्या पायरीवरच पट्टी घोट्याजवळ तडकली.

"मी एकटी वर जाबो म्हणत होते," ती रडत म्हणाली.

"जाबो काय? जाईन म्हण," आत्याबाईंनी डोळे पुसता पुसता दटावलं.

श्यामकांतांनी मला खुंटीवरून काढलं. नळ्या जोडल्या. लीना शेजारीच चौरंगावर बसली, कारण पट्टी पायाला लावून माप घ्यायचं होतं. त्यांनी ॲसिटिलीनची चावी जराशी सोडली आणि हात ऑक्सिजनच्या चावीकडे नेला.

"थांबा," सुचित्रा म्हणाली. "लसणाचा वास येतोय. गॅस गळतोय."

त्यांनी चावी बंद केली. लाल नळीच्या सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही, पण वास तसाच.

"तुझ्या हाताला असेल वास. फोडणी केलीस ना?"

"आज सोवळ्याचा स्वयंपाक होता. लसूण कुठला?" तिनं खाली वाकून लाल नळी हुंगली. नाही. मग काळी हुंगली. ऑक्सिजनला वास नसतो, आणि तिथंच तर लसूण होता. तिनं नटावरून बोट फिरवलं आणि ते उन्हात धरलं. बोट चमकत होतं.

"चावीला हात लावू नका," ती म्हणाली. "लीनाला उचला आधी."

आत्याबाई दारातच होत्या. "परवा पूजेला मी लावलं तेल, लीनाच्या पायाचंच," त्या म्हणाल्या. "विळीला लावलं, कातरीला लावलं. लाल नळी आपली नटल्यासारखी दिसत होती. ही काळी बिचारी एकटीच कोरडी. म्हटलं, हिला कोण लावणार? काय झालं रे?"

श्यामकांतांनी काय झालं ते सांगितलं. सांगताना लीनाला कडेवरून खाली ठेवलं नाही.

ती काळी नळी फेकून दिली. तेल प्यालेली नळी धुऊन भागत नाही. मला आणि सिलिंडरवरच्या चाव्यांना जाणकाराकडे नेऊन, सुटं करून, तेलाचा अंशही उरणार नाही असं धुऊन आणलं. मनोहरबाबूंकडून नवी काळी नळी आली, तशीच बारीक, तशीच मऊ. मग बारीक नोझलची निळी सुई पेटली आणि पट्टी जोडली गेली. त्याच संध्याकाळी लीना कठडा धरून वर गेली. एकेका पायरीचा ठोका मला खाली ऐकू येत होता. सरलामाशींनी तिला दोन्ही मुठी भरून नाडू दिले.

पुढे इस्पितळातून नवी कॅलिपर मिळू लागली आणि माझी गरज सरली. आता मी पेटीत असते. कधी वर्षभर झाकण उघडत नाही. तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. कधी मला बाहेर काढलंत, तर कोरड्या, स्वच्छ फडक्यानं पुसा. माया करायची, तर ज्याच्यावर करायची त्याला काय सोसतं ते आधी विचारून घ्या. मला तरी एवढंच शिकता आलं.

पण त्या घरातल्या एका प्रश्नाचं उत्तर मी कधीच ऐकलं नाही. नाडूंच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. आत्याबाई तेलाची वाटी घेऊन लीनाजवळ बसल्या. बोटं वाटीपर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"लावा ना, आत्याबाई," सुचित्रा हळूच म्हणाली.

लीना वाटीकडे बघत होती. मग तिनं मान वर केली.

"आई, टॉर्चला तेल चालत नाही, हे आत्याआजीला माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं गं, बाळा."

"मग माझ्या पायाला चालतं, हे कुणाला माहीत आहे?"