मी आटले तो उन्हाळा

मी एक म्हातारी म्हैस आहे, मित्रांनो. शिंगं झिजली, दात हलायला लागले, कडबा चावायचा म्हटलं तरी जीव थकतो. दिवसभर या लिंबाखाली बसून असते आणि शेपटीने माश्या हाकलते. हल्ली तेवढंही जिवावर येतं. तुम्ही पोरं येता, पाठीवर चढता, कान ओढता, आणि मी उठत नाही म्हणून मला आळशी म्हणता. म्हणा बापडे. पण आज आलाच आहात तर बसा घटकाभर. मला उठवू नका, मी बसल्या बसल्याच सांगते.

माझं नाव चांदी. कपाळावर पांढरा ठिपका आहे ना, म्हणून. माझा जन्म तेरकडचा, तेरणेच्या काठच्या एका गवळ्याच्या घरचा. डुंबायला नदी होती आणि काठावर हिरवा चारा होता. सुखाचे दिवस फार नसतात, पण मला ते मिळाले होते, हे सांगायला हवं. पहिल्या वेताची गाभण होते तेव्हा मला चालवत उमरग्याच्या बाजारात आणलं. त्या काळी आपल्याकडे मोगलाई होती, म्हणजे निजामाचं राज्य. जनावरांच्या बाजारात बायका सहसा येत नसत. पण एक ठेंगणी, कपाळाला विभूती लावलेली बाई गर्दीतून सरळ माझ्यापाशी आली. तिने माझ्या कासेला हात लावून पाहिला, शीर दाबली आणि सोबतच्या लेकाला म्हणाली, "गुंडप्पा, हीच घे. हिचं दूध घट्ट असंल. आपल्या शिवकांताला असलंच पायजे."

ती बाई म्हणजे रुद्रम्मा. माहेर कानडी मुलखातलं, म्हणून बोलण्यात कानडी शब्द यायचे. गुंडप्पाचं गावात किराणा मालाचं दुकान होतं. घरात त्याची बायको शांताक्का आणि एकुलती एक लेक शिवकांता. शिवकांता तेव्हा एवढीशी, काडीसारखी होती. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत तिला सारखी खाज सुटायची. तान्ही असताना वरचं दूध सुरू केलं तेव्हापासून ती खाज होती, पण तेव्हा तसा विचार कुणी केला नाही. पोरीच्या अंगात रक्त नाही, तिला दूध हवं, एवढंच रुद्रम्माने ठरवलं होतं.

तिचा दुधावर एवढा जीव का, ते मला धार काढताना कळलं. माणसं म्हशीपाशी पुष्कळ काही बोलतात. म्हैस कुणाला सांगायला जात नाही, हे त्यांना ठाऊक असतं. रुद्रम्माचा धाकटा लेक दुष्काळात गेला होता. त्या वर्षी गोठा रिकामा झाला, तिच्या अंगावरचंही दूध आटलं, आणि पोर भुकेनं तिच्या मांडीवर गेलं. त्या दिवसापासून तिने स्वतः दुधाचा थेंब तोंडाला लावला नव्हता. "आता या घरात दुधावाचून कुणी जाणार न्हाई," असं ती माझ्या पोटाला डोकं टेकून म्हणायची. मला तिची दया यायची. माझं पहिलं रेडकू मात्र मी या घरी आले त्या वर्षी अर्धपोटी राहिलं आणि पावसाळ्यात गेलं, कारण माझं सगळं दूध आधी पोरीच्या पेल्यात जायचं. हे मी राग म्हणून सांगत नाही. रागवायलाही अंगात बळ लागतं.

माझ्या दुधाची मात्र गावभर तारीफ होती. साय अशी यायची की वर बोट टेकलं तरी बुडायचं नाही. संध्याकाळ झाली की रुद्रम्मा शिवकांताचा हात धरून तिला गोठ्यात आणायची, पितळेचा पेला कासेखाली धरायची आणि फेसाळलेलं ऊन दूध तिथंच तिच्या तोंडाला लावायची. धारोष्ण दुधानं अंग धरतं, असं सगळेच म्हणत. "कुडी, माझ्या बाई, कुडी," म्हणजे पी, पी, असं रुद्रम्मा लाडानं म्हणायची.

शिवकांता तोंड फिरवायची. "नको अज्जी. गळ्यात मुंग्या चालत्यात."

"साखर तर घातलीच न्हाई, मग मुंग्या कुठनं आल्या गं?" असं म्हणून रुद्रम्मा हसायची. गोठ्याच्या दारात उभी असलेली शांताक्काही हसायची. पोरगी लाडावलीय, दूध पाहिलं की नाटकं करते, असंच सगळ्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. शिवाय माझ्या दुधाला कुणी नको म्हणावं, याचा थोडा रागही यायचा. पण पोरगी खरं तेच सांगत होती. गळ्यात मुंग्या कशा चालतात हे सांगायला तिच्यापाशी दुसरे शब्द नव्हते.

पुढं पुढं तिला शिंका यायला लागल्या, मग खोकला, मग छातीत शीळ वाजायला लागली. लोहाराचा भाता फाटला की कसा आवाज येतो, तसा आवाज. खांदे वर उचलून ती श्वास ओढायची आणि गळ्याखाली खळगा पडायचा. कुणी म्हणालं थंडी बाधली, कुणी म्हणालं ज्वारीच्या खळ्यावरची धूळ, कुणी म्हणालं दृष्ट लागली. दोन आळ्या सोडून हकीम रसूलसाहेब राहायचे. भला माणूस, हाताला गुण असलेला. त्यांनी नाडी पाहिली, काढा दिला आणि पथ्य सांगितलं. चिंच बंद, बोरं बंद, पेरू बंद, शिळं बंद, थंड पाणी बंद. मग काय द्यायचं, असं शांताक्कानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दूध द्या. दुधात भाकरी कुस्करून द्या. पोरीला ताकद पाहिजे."

झालं! पोरीला जे सोसत होतं ते सगळं बंद झालं, आणि जे सोसत नव्हतं तेवढंच ताटात उरलं. सकाळी दूध-भाकरी, दुपारी दूध-भात, संध्याकाळी माझ्यापाशी पेला, वर झोपताना हळदीचं दूध. पोरगी जेवढी धापायची तेवढा रुद्रम्माचा पेला मोठा व्हायचा. एकदा शांताक्का भीत भीत म्हणाली, "आत्याबाई, आजच्या दिस ऱ्हाऊ द्यावं का?" रुद्रम्मानं तिच्याकडं असं पाहिलं की ती बिचारी चुलीपुढं जाऊन बसली. शिवकांता मला घाबरायला लागली होती. लांबून माझी शिंगं दिसली तरी आईच्या पदराआड लपायची. मी तिला कधी शिंग दाखवलं नव्हतं, मित्रांनो. ते मला फार लागायचं.

मग तो उन्हाळा आला. मी पुन्हा गाभण होते आणि आटले. गावात वैरणीची मारामार होती, शेजारच्या म्हशीही आटल्या होत्या, विकतचंही दूध मिळेना. रुद्रम्माचं तोंड उतरलं. ती येऊन माझी कास चाचपायची आणि रिकामा पेला घेऊन परत जायची. घरात मला आता कुणी विचारेना. पेंड बंद झाली, पाण्याची बादलीही उशिरा यायला लागली. दूध देत नाही त्या म्हशीचं असंच असतं.

शिवकांताला मग सगळ्यांसारखं खावं लागलं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी. आणि बघता बघता तिच्या छातीतली शीळ थांबली. खोबणीतली खाज सुकली. पोरगी शेळ्यांमागं धावायला लागली, या लिंबावर चढायला लागली. एक दिवस घाबरत घाबरत माझ्यापाशी आली, कुणाच्या हातात पेला नाही हे तिने इकडंतिकडं पाहून ठरवलं, आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. मग रोज यायची. माझ्या पाठीवर पालथी पडून गाणी म्हणायची. भर उन्हात, धुळीत, शेणामुतात दिवस दिवस लोळायची आणि एकदाही खोकली नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ होता, पोटाला कमी होतं तरी.

घरचे खूश झाले. गुंडप्पा म्हणाला हकिमाच्या काढ्याला गुण आला. रुद्रम्मा म्हणाली महादेवाला केलेला नवस पावला. आटलेल्या म्हशीचं नाव घ्यायचं कुणाला सुचावं?

पावसाळ्याच्या तोंडाला मी व्याले. रेडी झाली, काळीभोर. घरात आनंदीआनंद. रुद्रम्मानं चिकाचा खरवस केला, गूळ आणि वेलदोडा घालून, आणि पहिली वडी घेऊन ती इथं अंगणात आली. शिवकांता माझ्या रेडीशी खेळत होती.

"नको अज्जी," ती म्हणाली.

"एवढी एक. माझ्यासाठी." म्हातारीचे डोळे भरून आले होते. पोरगी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. आणि मग तिने वडी खाल्ली. चवीसाठी नाही, अज्जीसाठी.

थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले. अंगावर गांध्या उठल्या, आणि छाती अशी आवळली की शीळसुद्धा नीट वाजेना. शांताक्का चुलीवरचं टाकून धावत आली. गुंडप्पा अनवाणी हकिमाकडं पळाला. पोरीला आडवं केलं की ती गुदमरायची, म्हणून शांताक्कानं तिला माझ्या पोटाला टेकवून उभट बसवलं. मी हलले नाही. अंगावर गोमाशी बसली होती, तरी हलले नाही. तिची पाठ माझ्या बरगड्यांवर थाडथाड उडत होती.

घाबरलेली रुद्रम्मा घरात गेली आणि हाताला लागलं ते घेऊन आली. पेल्यात ऊन दूध होतं. "घसा मऊ हुईल. कुडी, माझी बाई, कुडी."

शांताक्का त्या घरात आल्यापासून सासूपुढं मान वर करून बोलली नव्हती. तिने पेला धरला, रुद्रम्माच्या हातातून काढून घेतला आणि सगळं दूध माझ्या गव्हाणीत ओतलं.

"आता न्हाई, आत्याबाई! चांदी आटली हुती तवा माझी पोर नीट हुती. चांदी व्याली आन पोर चालली. तुम्हाला दिसत न्हाई का?"

रसूलसाहेब दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. आधी त्यांनी पोरीला पाहिलं, जवळचं औषध चाटवलं, पाठीवर हात फिरवत बसून राहिले. बराच वेळ गेला. मग हळूहळू शीळ वाजायला लागली, आणि शीळ वाजते म्हणजे हवा जाते, असं म्हणून त्यांनी कपाळाचा घाम पुसला. पोरीचा डोळा लागल्यावर ते म्हणाले, "बाई, या लेकरानं कधी सांगितलं न्हाई का, दूध नको म्हणून?"

"रोज सांगायची," शांताक्का म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"मग आपन सगळेच बहिरे. मीच बोललो हुतो, दूध द्या म्हणून." ते खाली बघत बोलत होते. "एकेकाच्या तबियतीला एखादी चीज सोसत न्हाई. आधी अंगाला खाज उठती, मग तीच छातीवर बसती. आजपास्न दूध, दही, ताक, तूप, खवा, काय सुदीक देऊ नका. चाखायला पन न्हाई."

पोरगी वाचली. रुद्रम्मा मात्र खचली. धार काढायला यायची, पण माझ्याशी बोलायची नाही. लेकरू दुधावाचून गेलं म्हणून जिनं जन्मभर दूध जपलं, तिनं नातीला दुधानंच मारत आणलं होतं, हे त्या जिवाला कसं पचावं? एका संध्याकाळी सवयीनं तिने पेला भरला. शिवकांता समोरच रेडीला कुरवाळत बसली होती. रुद्रम्मा पेला घेऊन उभी राहिली. तो पुढंही जाईना, मागंही येईना. मला भीती वाटली, मित्रांनो. सवय फार वाईट.

शिवकांता उठली. तिने तो पेला दोन्ही हातांनी अज्जीकडंच ढकलला.

"अज्जी, तू पी."

"मी न्हाई पीत गं. तुझा काका..."

"तू पी. मला सोसत न्हाई, तुला सोसतंय."

रुद्रम्मा माझ्या शेजारी मातीतच बसली. पेला तोंडाला लावला आणि रडत रडत, घोट घोट करून तिने सगळं दूध संपवलं. मग उठून तिने माझ्या रेडीचं दावं सोडलं आणि म्हणाली, "जा, तूबी पी पोटभर." ती रेडी जगली. अजून गुंडप्पाच्या गोठ्यात तीच दूध देते.

आता राज्य बदललं, मोगलाई गेली. रुद्रम्माही गेली. शिवकांता चांगली उंच झाली आहे. खळ्याच्या दिवसांत धूळ उडाली की अजून थोडी धापते, ते काही पूर्ण गेलं नाही. पण तो गळा आवळणारा दमा पुन्हा आला नाही. मला विकायची गोष्ट एकदा निघाली होती, तेव्हा ती माझ्या दाव्याला धरून दिवसभर उभी राहिली. म्हणून मी अजून इथं आहे.

जन्मभर माझ्या दुधाचं कौतुक झालं. पण त्या पोरीसाठी मी खरं काम केलं ते एकच, एक उन्हाळा आटले. तेही मुद्दाम नव्हे. म्हणून सांगते, पोरांनो, तुमच्या घरात एखादं धाकटं लेकरू एखादा घास रोज नको म्हणत असेल, तर त्याला हसू नका. गळ्यात काय होतं, अंगाला काय होतं, ते त्याला बसून विचारा, आणि मोठ्यांना सांगा. आणि आटलेल्या जनावरालाही वेळेवर पाणी दाखवा, एवढं माझं म्हातारीचं मागणं.

चला, उठा आता. ऊन उतरलं, शिवकांता यायची वेळ झाली. संध्याकाळी येते आणि माझ्या पोटाला टेकून बसते. तिच्या हातात काही नसतं. मला तेच बरं वाटतं.