कोरड्या टॅपची किंचाळी

संघपालच्या शेडमध्ये काय चाललंय हे प्रेमिलाकाकूंना कळलं नाही, असा दिवस इंदोऱ्यातल्या त्या गल्लीत उगवलाच नव्हता. भाजी निवडायची ताटली घेऊन शेजारच्या घरातून त्या सरळ मशीनपाशी येऊन बसत, आणि संघपालही त्यांना सगळं मन लावून सांगे. लोखंडाच्या भोकात आटे कापणाऱ्या दातेरी हत्यारावर, म्हणजे टॅपवर, सोडायचं तेल त्यानं स्वतः तयार केलं होतं. उद्या हिंगण्याचे कारखानदार मनोहरराव येऊन एका मोठ्या कंपनीच्या तेलाशी त्याची तुलना पाहणार होते. जिंकलं तर शेड राहणार, नाहीतर मोडीत जाणार.

पण जिंकायचं ते खरेपणानं. आधीच्या तेलाचा जरासा अंश टॅपच्या खाचेत लपून राहिला, तरी तो पुढच्या तेलाचं काम हलकं करतो आणि टॅपला लागणारा जोर मोजणारं मीटर खोटं बोलतं. म्हणून संघपाल प्रत्येक तेलाला वेगळा ब्रश नि वेगळी चिंधी ठेवी, टॅप थिनरनं धुई आणि पुढचं तेल लावण्याआधी एक भोक कोरडंच कापून पाही. कोरडा टॅप किंचाळला, की समजायचं, स्वच्छ झाला.

त्या दुपारी टॅप किंचाळला नाही. लोण्यात बोट जावं तसा पोलादात उतरला.

"काकू, तू हात तं नाही लावला ना?"

"मी कायले लावू? त्या दुकानदारानंच तुले थिनर म्हणून भलतं काही देलं असंन!"

संघपालनं पाकिटातला नवा टॅप काढला. धुतला, वाळवला. तोही मुकाच. त्याची बायको प्रीती दाराशी येऊन म्हणाली, "आता उद्या दाखवाल काय?" त्यानं तोच टॅप पुन्हा धुऊन मशीनला लावला.

तेवढ्यात गल्लीत कुणाचं तरी भांडण पेटलं, आणि काकू ताटली ठेवून धावल्या. पाठीमागे टॅप कर्कश किंचाळला. त्या परत आल्या; टॅप गप्प. त्यांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकला, की टॅप किंचाळला. भांडण अर्धवट सोडून काकू तिथेच आतबाहेर करत राहिल्या.

"उद्या मी नाही येत गा, संघपाल."

"तू? अन् येत नाही? बरी आहे ना वं काकू?"

"मी असली का तुह्या मशीनले लाज वाटते," त्या हसून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदाच, काकू खिडकी लावून घरात बसल्या. पलीकडून किंचाळी आली. मग तेलाची मऊ घरघर. पुन्हा किंचाळी. दर किंचाळीला त्यांची छाती अभिमानानं फुगत होती, जणू लेकाचं नाव कुणी मंचावरून पुकारत होतं.

मग दार धाडकन उघडलं. "काकू, जितलो आपण!" प्रीती ओरडली. "मनोहरराव म्हणते, इतकी चोख तपासणी पाहिलीच नव्हती! चाल, पहिला पेढा तुले!"

तिनं काकूंचा हात धरून ओढला. हात सुटला. प्रीती हसली, आणि तिनं तो दोन्ही हातांनी गच्च धरला. काकूंनीही मूठ आवळली. बाहेर फटाके वाजत होते. काकूंचा कोरडा हात प्रीतीच्या मुठीतून अलगद सरकत गेला, आणि तिच्या ओंजळीत उरल्या फक्त काकूंच्या काचेच्या बांगड्या, एकही न फुटता.