अंबाड्यातला मोजा

मनुबाईनं ट्रंक उघडली आणि वरचा गणवेश घडी न मोडता बाजूला ठेवला. खाली कोपऱ्यात मोजे होते. जाड लोकरीचे, शेवाळी रंगाचे, एकात एक गुंडाळलेले. त्यातला एकच तिनं बाहेर काढला.

या घरात मोजे घालणारा माणूस एकच होता, तिचा थोरला मुलगा सयाजी. बाकीच्यांच्या पायांना वहाणा ठाऊक, त्याही बाजारच्या दिवशी. सयाजी एकाहत्तरच्या लढाईत गेला आणि काही महिन्यांनी ही ट्रंक घरी आली. तेव्हापासून दर दिवाळीला मनुबाई ती उन्हात उघडायची, दिवसभर शेजारी बसून राहायची आणि ऊन कलल्यावर बंद करायची. कुणाला हात लावू द्यायची नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

आज मात्र लेकीसाठी ती उघडावी लागली होती. शालनला वर्षापूर्वी टायफॉइड झाला. ताप उतरला, पण नंतर फणीला केसांचे पुंजके यायला लागले. कमरेखाली जाणाऱ्या वेणीचं शेपूट उरलं. तेव्हापासून दोन स्थळं येऊन गेली. पहिल्यांनी पोरगी अशक्त दिसते असं कळवलं, दुसऱ्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आजचं स्थळ इस्लामपूरकडचं. मुलाचं नाव अर्जुना, साखर कारखान्यात कामाला, घरचा ऊसही होता. हेही परत गेलं की पोरीत काहीतरी खोट आहे असं गावच ठरवून टाकणार, आणि गावाला असली कामं मुळीच जड जात नाहीत.

मोज्याची कल्पना शालनची. कराडच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईचा अंबाडा तिला फार आवडायचा. बाईंनी एकदा तो तिच्यासमोर सोडला तर आतून मोजा निघाला. पुढचं टोक कापायचं, मोजा गुंडाळून कडं करायचं, केस त्यातून ओढून वरून चहूकडं पसरायचे आणि आकडे खोचायचे, एवढंच.

"पण टोक कापाय लागतंय, आई," शालन हळूच म्हणाली.

मनुबाईनं तिच्या हातातली कात्री घेऊन फळीवर ठेवली.

"कापायचं न्हाई. तसाच गुंडाळ."

तसाच गुंडाळला. कडं काही झालं नाही, गोळा झाला. घरात होते नव्हते ते तिन्ही आकडे लावून तो कसाबसा केसांखाली बसवला आणि मनुबाईनं पोरीला मान फार हलवू नकोस म्हणून तीनदा बजावलं.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. शालनच्या वडिलांनी, लालासाहेबांनी, यंदाच्या उसाचा विषय काढला आणि मुलाच्या वडिलांनी तो आनंदानं पुढं नेला. शालननं नाव सांगितलं, सातवी पास असल्याचं सांगितलं. सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात मुलाची आत्या उठली. बनुबाई तिचं नाव. अर्जुनाला त्याच्या आईमागं तिनंच वाढवलं होतं, त्यामुळं शेवटचा शब्द तिचा.

"पोरीला जरा आत नेती," ती म्हणाली.

याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. माजघरात नेऊन मुलीचे केस सोडून बघायचे, ही रीतच होती. मनुबाई त्यांच्यामागं आत गेली. लबाडी उघडी पडणार याची तिला लाज वाटत होती. आणि कापायला हात धजावला नाही म्हणून पोरीचं नुकसान होणार, याचं त्याहून वाईट वाटत होतं.

बनुबाईनं शालनला पाटावर बसवलं, अंबाड्यावर हात ठेवला आणि तो तिथंच थांबला. मग तिनं एक बट बाजूला सारली. खालून शेवाळी लोकर दिसली. शालननं डोळे मिटून घेतले.

बनुबाई ती लोकर दोन बोटांत धरून चोळत राहिली. बराच वेळ.

"पलटणीतला हाय," ती म्हणाली.

"व्हय."

"कुणाचा?"

"माझ्या थोरल्याचा. एकाहत्तरला गेला."

एवढं बोलल्यावर मनुबाईला थांबता येईना. तिनं टायफॉइडचं सांगितलं, आधीच्या दोन स्थळांचं सांगितलं. पोरगी आता धडधाकट आहे, रानातलं सगळं काम करते, केसही नव्यानं यायला लागलेत, हेही सांगितलं. बनुबाईनं मधे एकच विचारलं, ताप उलटला होता का? नव्हता.

"असा बसायचा न्हाई ह्यो," बनुबाई म्हणाली. "टोक कापाय पायजे हुतं."

"हात धजावला न्हाई."

बनुबाईनं मान हलवली. मग ती म्हणाली, "माझ्या ल्योकाचं दोनी हायत माझ्यापाशी. पासष्ट सालापास्नं. कुणाच्या पायात न्हाईत, कुणाच्या कामाला न्हाईत."

तिनं आपल्या पांढऱ्या अंबाड्यातला एक आकडा उपसला, शालनची बट पुन्हा लोकरीवर ओढली आणि तो आकडा तिथं घट्ट खोचला.

बाहेर येताच मुलाच्या वडिलांनी तिच्याकडं पाहिलं.

"केस बघितलं म्या," ती म्हणाली आणि जागेवर बसली. किती आहेत, हे कुणी विचारलं नाही. उसाचं बोलणं थांबलं आणि तिथीचं सुरू झालं.

निघताना ती उंबऱ्यापाशी मनुबाईजवळ थांबली आणि आवाज उतरवून बोलली.

"मुंडावळ्या, गजरं, लग्नात सगळ्याचा भार पडतोय, विहीणबाई. अंबाडा घट्ट पायजे."

पाहुणे गेले. लालासाहेब त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. मनुबाई माजघरात आली तर शालननं अंबाडा सोडून मोज्याची नीट घडी केली होती. ट्रंकेचं झाकण तिनंच उघडून ठेवलं होतं.

मनुबाईनं तिच्या हातून मोजा घेतला. खाली बसून घडी उलगडली, मांडीवर तो सरळ केला, हातानं दोनदा दाबून सुरकुत्या काढल्या. पुढचं टोक चिमटीत धरलं आणि दुसरा हात लेकीपुढं केला.

"दे ती कात्री," ती म्हणाली.