खारी डॅफोडिलला तोंड लावत नाहीत

ट्यूलिप चांगला की डॅफोडिल, यावर दातांच्या डॉक्टरांचं आणि त्यांच्या बायकोचं उभ्या संसारात एकमत झालं नाही. डॉक्टरांचा जीव ट्यूलिपवर. सरळ देठ, एकसारखे पेले, ओळीत लावले की ओळीत उभे राहणार. दिवसभर लोकांचे वाकडेतिकडे दात बघून घरी आलेल्या माणसाला आणखी काय हवं? बाईंना आवडायचा डॅफोडिल, त्यातही तो पांढरा, मान खाली घातलेला, मधल्या वाटीला नारिंगी काठ असलेला.

"तुमचा ट्यूलिप म्हणजे नव्याचे नऊ दिवस," त्या म्हणायच्या. "पहिल्या वसंतात मिरवतो, दुसऱ्या वर्षी नुसतं पान दाखवतो, तिसऱ्या वर्षी पत्ता नाही. तोही खारींनी ठेवला तर! माझा बघा. एकदा लावला की आपला आपण येतो, आणि येताना पोरंबाळं घेऊन येतो."

"आणि वाट्टेल तिथे पसरतो. शिस्त म्हणून नाही."

"शिस्त दवाखान्यात दाखवा. अंगण माझं आहे."

अंगण खरंच त्यांचं होतं. कंद लावायची रीतही जगावेगळी. दवाखान्यात पेशंटच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे पडलेले असायचे, काम झालं की टाकूनच द्यायचे. बाई ते घरी आणत, हातोडीने फोडत आणि प्रत्येक कंदाखाली मूठभर तुकडे घालत. पाणी साचत नाही, कंद कुजत नाही, असं त्यांचं म्हणणं. गावातल्या भल्याभल्यांचे जबडे आमच्याकडे गाडलेत, असं डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, आणि पाहुणे हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवायचे. एकुलती एक मुलगी लहानपणापासून आईच्या हाताखाली खुरपं घेऊन बसायची.

मग बाई आजारी पडल्या. दोन ऑपरेशनं झाली, आणि तिसरं करायचं ठरलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता पुरे. मला घरी न्या." डॉक्टर ऐकणारे नव्हते. त्यांनी सही केली. बाई ऑपरेशनच्या टेबलावरून परतल्या नाहीत.

"आईनं शेवटचं एकच मागितलं होतं," मुलगी म्हणाली, "तेवढंही तुम्ही दिलं नाहीत." ती खोटं बोलली असती तर डॉक्टरांनी कदाचित सोडूनही दिलं असतं. खरं होतं म्हणून ते वर्मी लागलं. "पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस," असं ते म्हणाले, आणि पोरगी त्यांचीच, हट्टात तसूभरही कमी नव्हती. बॅग भरून निघून गेली.

त्याच उन्हाळ्यात डॉक्टरांनी सगळे डॅफोडिल उपटले. पुढच्या वसंतात ती फुलं बघण्याची त्यांची छाती नव्हती. कंदांची टोपली फाटकाबाहेर कचऱ्याशेजारी ठेवली, सकाळी ती नव्हती. डॉक्टरांनी फरसबंद वाटेच्या कडेने ट्यूलिप लावले, अगदी दोरी धरून.

वसंत आला. ट्यूलिप निम्मे खारींनी खाल्ले होते, उरलेले ओळीत उभे राहिले. आणि फाटकाजवळ, जिथे कधीच काही लावलेलं नव्हतं तिथे, मान खाली घातलेला एक पांढरा डॅफोडिल आला.

डॉक्टर कंद-बियाण्यांच्या दुकानात गेले. "खारीनं नेऊन पुरला असेल," ते म्हणाले.

दुकानदारीण हसली. "ट्यूलिप म्हणाला असतात तर मानलं असतं, डॉक्टर. तो त्यांचा खाऊ. डॅफोडिल विषारी. खारी त्याला तोंड लावत नाहीत, उंदीर लावत नाहीत, कोणी लावत नाही. तो जिथे उगवतो तिथे त्याला माणसाच्याच हातानं ठेवलेलं असतं."

माणसाच्याच हातानं! डॉक्टर घरी आले आणि दार लावून बसले. जन्मभर विज्ञानाच्या गप्पा मारलेला माणूस, पण रिकामं घर शहाण्यासुरत्यालाही गुडघे टेकायला लावतं. पुढच्या वसंतात दुसरा आला, फाटकापासून जरा आत. मग तिसरा. फुलं दर वर्षी थोडी थोडी घराकडे सरकत होती.

आवाज मात्र शरद ऋतूत यायचा. डॉक्टर दुपारचे पडलेले असत, अर्धवट झोपेत, आणि खिडकीबाहेर खुरपं चालू लागे. खर्र, थांब, खर्र. पहिल्यांदा त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. मग भीती हळूहळू गोड वाटायला लागली. डॉक्टर डोळे मिटून, श्वाससुद्धा बेताने घेत पडून राहायचे. बघायला गेलो तर बायको निघून जाईल, याची त्यांना खात्री होती. ती येते आहे, म्हणजे तिने आपल्याला माफ केलं आहे, एवढ्यावर या माणसाचं वर्ष निघायचं. वसंतात ते नव्या फुलापाशी खुर्ची टाकून बसत आणि त्याला जेवणाखाण्याची हकिगत सांगत. शेजारी म्हणत, डॉक्टरांचं डोकं फिरलं.

आणि मग एका वसंतात नवीन फूल आलं नाही.

डॉक्टरांनी सगळं अंगण पालथं घातलं. जुनी फुलं होती, पायरीशेजारचा गेल्या वर्षीचा डॅफोडिलही डोलत होता. फाटकाजवळच्या सर्वांत जुन्या झुपक्याने मात्र यंदा नुसती पानं काढली होती, एकही कळी नव्हती. बायको पुन्हा रुसली असं त्यांनी धरलं. दुकानदारीण म्हणाली, "खाली दाटी झाली असेल. पानं वाळली की काढून सुटे करा." पानं वाळायची वाट बघायला धीर कुणाला होता?

त्यांनी खणलं. कंद वर आला, त्याला पाच-सहा पिल्लं चिकटलेली. आणि त्याच्याखाली, मातीत, पांढरं प्लास्टर.

"म्हणजे तूच," डॉक्टर मोठ्याने म्हणाले. ही रीत दुसऱ्या कुणाची असणार? तुकडा त्यांनी सदऱ्याला पुसला, डोळ्यांशी धरला, आणि जन्मभराची सवय आपोआप कामाला लागली. वरचा जबडा, डावी बाजू. लहान मुलाचा. सुळा शेजारच्या दातावर चढलेला.

तो सुळा त्यांच्याच घरातला होता. तार बसवण्याआधी त्यांनी स्वतः मुलीच्या तोंडाचा साचा घेतला होता. पोरीने तो आईला कधी फोडू दिला नव्हता, आपल्या कपाटावर ठेवला होता आणि जाताना बॅगेत घालून नेला होता.

आनंद झाला असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्या क्षणी डॉक्टरांची बायको दुसऱ्यांदा मेली. ती कधी आलीच नव्हती, तिने काही माफ केलं नव्हतं, ती गेली ती गेलीच होती. हातात जबडा धरून ते तिथेच हमसून हमसून रडले. बऱ्याच वेळाने उठले, हात धुतले आणि फोन लावला. नंबर पाठ होता. वापरला मात्र कधी नव्हता.

"मी बोलतोय."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. "बाबा?"

"फाटकाजवळचा कंद काढला. खाली तुझे दात सापडले."

तिला हसू फुटलं की हुंदका, ते कळलं नाही. "दारात येऊ नको म्हणालात. अंगणाचं काही बोलला नव्हतात," ती म्हणाली. "टोपली मीच नेली होती. कंद कुंड्यांत ठेवलेत. तुम्ही दुपारी झोपलात की येऊन जायचे."

"मला खुरपं ऐकू यायचं."

"मग बाहेर का नाही आलात?"

"वाटायचं, तुझी आई आहे. वाटायचं, तिनं मला माफ केलं."

"आईचं मला सांगता यायचं नाही, बाबा. मी केलं होतं."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी फोन धरला. "मग या खेपेला का नाही आलीस?"

"आले होते. खिडकीखालीच बसले होते. तुम्ही आत जागे होतात, मला दिसत होतात. म्हटलं, आता हाक मारतील. तुम्ही उठलात आणि पडदा ओढून घेतलात. मग मी कंद पिशवीत टाकला आणि परत आले."

पडदा ओढला होता, हे खरंच होतं. आवाज सुरू व्हायची वाट बघून बघून ते उठले होते आणि खिडकीकडे पाठ करून, हात मागे नेऊन, त्यांनी तो ओढला होता.

"तिला संकोच वाटू नये म्हणून ओढला गं," ते म्हणाले. "तू असशील असं एकदाही मनात आलं नाही."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते. इतकी वर्षं त्यांनी गेलेल्या माणसाची वाट पाहिली होती. जी चालत येऊन दाराबाहेर बसत होती, तिची एक दिवसही पाहिली नव्हती.

"ऐकतेयस ना?" त्यांनी घाबरून विचारलं.

"ऐकतेय," ती म्हणाली. "बोला."