डबा रिकामा परत करत नाहीत

परदेशात, पॉइंट कुक या उपनगरात शेजारी राहायला आलेल्या झिम्बाब्वेच्या रुटेंडोला चित्रलेखाने पहिल्याच दिवशी पोळी-भाजीचा डबा दिला आणि आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, हेही सांगून टाकलं. रुटेंडो वृद्धाश्रमात दोन-दोन शिफ्ट करायची, तिला स्वयंपाकाला वेळ कुठला? तिने डब्यात स्वतः लिहिलेली गोष्ट घालून पाठवली. पुढे सहा वर्षं हेच चाललं.

गेल्या महिन्यात रुटेंडोच्या कथांना मोठा पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला. एवढ्या मोठ्या लेखिकेला मेथीची भाजी काय द्यायची, म्हणून चित्रलेखाने डबा पाठवणं बंद केलं.

आज रुटेंडो हातात कागद घेऊन दारात उभी राहिली.

"गोष्ट कधीची तयार आहे," ती जरा घुश्शातच म्हणाली. "डबा कुठाय?"