तिसरा उतार

यज्ञेश्वर सबनीस जेलराला मी तीनदा वाकवला. पहिल्या दोन खेपंची चव अजून जिभेवर हाय, पावणं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या खेपंचं पुढं सांगतो.

मी बाळासो. शिवाजी पेठेतला गवंडी. ऐंशी साली शिरोलीला एका कारखान्याची भिंत उचलताना ठेकेदारानं बांधलेली कुजक्या बांबूंची परांची मोडली आणि माझा उजवा पाय मांडीपासनं गेला. दवाखान्यातनं सुटून त्याच्याकडं गेलो तर ठेकेदार चारचौघांत म्हणला, ह्यो पिऊन चढलाता. मी जन्मात दारूला शिवलेलो न्हाय. काखेत कुबडी हुती, ती त्याच्या टाळक्यात घातली. त्याचा एक डोळा गेला, मला सात वर्सं लागली. त्याचं वाईट वाटायला पायजे म्हणत्यात. मला न्हाय वाटत.

जेलाचं नाव सांगत न्हाय. तिथं आता दुसरी माणसं हायत, त्यांचा काय दोष. पण सबनीसनं मला दारातच थांबवलं आणि दोन्ही कुबड्या काढून घेतल्या. म्हणला, "ज्या हत्यारानं गुन्हा केलास तेच हत्यार मी तुझ्या हातात देऊ?" मी म्हणलं, साहेब, मग चालू कशानं? म्हणला, "रांगायला कोणी बंदी केलीय?"

दोन वर्सं रांगलो. बराकीला पाच पायऱ्या, अर्ध्या अर्ध्या फुटाच्या. संडास खाली, नळ खाली, सकाळची मोजणीबी खाली. बुडावर घसटत उतरायचो. हाताच्या तळव्यांना घट्टे पडले, ते हे बघा, अजून हायत. मोजणीला उशीर झाला की सबनीस दोनशे माणसांसमोर म्हणायचा, "या महाराज, सावकाश या. पालखी पाठवू का?" माणसं हसायची. न हसून करत्यात काय? संडासाचं तर बोलूच नका. एका पायावर उकिडवं बसता येत न्हाय. एकदा आत पडलो, तसाच तासभर पडून हुतो. त्या तासात मी ठरवलं, ह्या माणसाला सगळ्यांसमोर वाकवायचा. मारायचा न्हाय. वाकवायचा.

त्या तासानंतर मला ज्यांनी हाताला धरून उठवलं ते गणपती तात्या. गगनबावड्याकडचा म्हातारा. बांधावरनं भाऊबंदकीत खून झालेला, त्यात जन्मठेप. जेलात आल्यावर लकवा मारलेला, डावं अंग सगळं गेलेलं. तरीबी एका हातानं मला ओढून काढलं आणि म्हणले, "तुझा डावा पाय चांगला, माझा उजवा. दोघांचं मिळून एक माणूस हुतंय की." तवापासनं आम्ही जोडीनं उठायचो, बसायचो.

तात्यांची बायको बयाबाई. दर महिन्याला घाट उतरून, यष्टी बदलून मुलाखतीला यायची. मुलाखतीची खोली अंगणापल्याड. तात्यांना तिथं न्यायचं तर चार कैदी घोंगड्यात घालून उचलायचे. एकदा तसं नेलं. बयाबाईनं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. त्या दिवसापासनं तात्या मुलाखतीला गेले न्हाईत. ती यायची, आत निरोप यायचा, तात्या म्हणायचे, झोपलाय म्हणून सांगा. ती भाकरी ठेवून परत जायची. अशे आठ महिने.

एक्क्याऐंशी साली सरोजिनीताई आल्या. कोल्हापुरातल्या वकील, गरिबांच्या केशी फुकट घ्यायच्या. माझे तळहात बघितले, पायऱ्यांची उंची स्वतःच्या पट्टीनं मोजली आणि मुंबईला हायकोर्टात अर्ज टाकला. अर्ज माझ्या नावाचा. दीड वर्सं चाललं. मग सरकारी वकिलानं तडजोड पुढं केली: कुबड्या परत, एका संडासात बसायची खुर्ची आणि धरायला लोखंडी दांडे, एक चाकाची खुर्ची, आणि पायऱ्यांच्या जागी सिमेंटचा उतार. बदल्यात सबनीसवरची तक्रार मागं.

मी म्हणलं, न्हाय. मला सबनीस पायजे.

ताई म्हणाल्या, "बाळासो, तक्रार चालवली तर आणखी चार वर्षं जातील. तोवर तुम्ही सुटाल. बाकीच्यांचं काय?"

तात्या भिंतीला टेकून बसले हुते. म्हणले, "मिटव की लेका. चाकाच्या खुर्चीत बसून बायकोसमोर जाईन म्हणतो. एकदा तरी बसल्याला दिसू दे तिला."

मग मी मिटवलं, पण माझी एक अट घातली. उतार मी गवंडी म्हणून तपासणार, मी पास म्हणलं तरच पास, आणि तपासताना पाण्याच्या नळीचं दुसरं टोक जेलरसाहेबांनी स्वतः धरायचं. ताईंनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "कोर्टाच्या कागदात नळी कशी घालू?" पण घातली त्यांनी. 'तपासणी अर्जदाराने तुरुंगाधिकाऱ्यांच्या समक्ष व त्यांच्या सहकार्याने करावी.' सहकार्य म्हंजे काय ते मी सबनीसला दाखवणार हुतो.

तुम्हाला नळी ठावं नसंल तर सांगतो. पारदर्शक लांब नळी, तीत पाणी भरायचं. एक टोक वर, एक खाली, दोघांनी धरायचं. नेताना पाणी सांडू नये म्हणून दोन्ही तोंडांवर अंगठा ठेवायचा आणि बघताना दोघांनीबी अंगठा काढायचा. मग दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं. एकानं जरी अंगठा ठेवला तरी हवा अडकती आणि पाणी खोटं दावतं. माझ्या वस्तादानं पहिल्या दिवशी मला ह्याच्यासाठी कानफटात मारलेली.

कागदात लिवलेलं, बारा फुटाला एक फूट उतार. अडीच फूट उंचीला तीस फूट लांबी. जेलातल्याच कैदी गवंड्यांनी पहिला उतार पंधरा फुटात बसवला, जागा वाचवायला. मी वर उभा, काखेत माझ्या कुबड्या. सबनीस खाली, पट्टीला नळी लावून. पाण्याची रेघ बघायला त्याला गुडघ्यात वाकायला लागलं, डोकं खाली घालायला लागलं, टोपी पडली. दोनशे माणसं मोजणीला बसलीती. मी म्हणलं, "साहेब, अजून जरा खाली. अजून. सावकाश, पालखी पाठवू का?" कोण हसलं न्हाय मोठ्यानं, पण सगळ्यांच्या छात्या हलत हुत्या. काय सांगू पावणं, दोन वर्सांचं रांगणं त्या एका घटकेत निम्मं फिटलं. उतार नापास. फोडा.

दुसरा उतार तीस फुटाचा, मापात. पण गवंड्यांनी आपली कला दाखवली. वरनं निरू, म्हंजे नुसत्या सिमेंटचा पातळ लेप, मारून असा घोटला की तोंड दिसावं. आमच्याकडच्या गवंड्याला खरबरीत काम सोडायची लाज वाटती, मला विचारा. पण पावसात त्याच्यावर चाकाची खुर्ची गेली असती थेट गटारात. मी तांब्याभर पाणी ओतलं आणि सबनीसला म्हणलं, साहेब, अनवाणी चालून दाखवा. दोन पावलं गेला, घसरला, हात टेकला. हात टेकल्याला मी डोळे भरून बघितला. नापास. हेबी खरंच नापास हुतं, माझी शपथ.

त्या संध्याकाळी तात्या म्हणले, "पुढच्या बारीला पास हुईल न्हवं? ऐतवारी बया येणार." चाकाची खुर्ची व्हरांड्यात गोणपाटाखाली उभी हुती. तात्या रोज तिच्या चाकाला हात लावून यायचे. मी म्हणलं, हुईल की.

तिसरा उतार शुक्रवारी झाला. मापात, खरबरीत, झाडूच्या आडव्या रेघा ओढलेल्या, दोन्ही बाजूला कठडा. मी कुबडी टेकत वरखाली गेलो. गवंडी म्हणून सांगतो, मला सुद्धा त्याच्याहून चांगला जमला नसता. खाली सबनीस नळी धरून वाकला. आता त्याला सवय झालेली. चेहऱ्यावर काय न्हाय, रेघेवर डोळा, अंगठा काढलेला. त्याला त्रासच हुत न्हवता, आणि ते माझ्या डोक्यात गेलं. म्हणलं, आता पास म्हणलं की संपलं. ह्यो उठणार, टोपी घालणार आणि माझी दोन वर्सं तिथंच राहणार.

मी माझ्या टोकावरचा अंगठा काढलाच न्हाय.

खाली पाणी तीन बोटं चुकीचं दिसलं. मी म्हणलं, नापास. सबनीसनं मान वर केली, माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणला, "ठीक. फोडा." शनिवारच्या दुपारपर्यंत पहारींनी उतार फुटला. रातोरात काय नवा हुत न्हाय.

शनिवारीच तात्यांनी न्हाव्याकडनं दाढी करून घेतलीती. टोपी धुऊन, उशाखाली दाबून घडी बसवलीती. त्यांना मी सांगितलं, मापात बसला न्हाय, पुढच्या मुलाखतीपर्यंत थांबा. तात्या "तू गवंडी, तुला कळतंय," एवढंच म्हणले. ते ऐकून माझं जे काय झालं ते कुणाच्या वैऱ्याचं होऊ नये.

ऐतवारी बयाबाई आल्याचा पुकारा झाला. मी खाली नळावर हुतो. वर बघतो तर तात्या दारात, टोपी घालून, एका हातानं भिंत धरून उभे. घोंगडं घेऊन पोरं आली तर त्यांना हात हलवून परत पाठवलं. पायऱ्या निम्म्या उकरलेल्या, सगळीकडं फुटकं सिमेंट. मी वरडलो, तात्या, थांबा. एका पायाचा माणूस किती पळणार? माझ्या डोळ्यांदेखत ते पुढं झुकले आणि डोक्यावर आले. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत संपलेलं.

चौकशी लागली. सरोजिनीताई आल्या, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "बाळासो, तडजोड मोडलीय त्यांनी. तीनदा निकृष्ट काम, आणि त्यात माणूस गेला. तुम्ही फक्त जबाब द्या. सबनीस यातून वाचत नाही." मला पायजे हुतं ते हातात आलंतं. नुसतं तोंड उघडायचं हुतं.

जबाबाच्या सकाळी सबनीस बराकीत आला. एकटाच. माझ्यासमोर उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणला, "तुझा अंगठा मी पाहिला होता."

मी म्हणलं, मग तवाच का बोलला न्हाईस? आरे-तुरे केलं, मला त्याचं काय न्हाय.

"बोललो असतो तर उतार त्याच दिवशी पास झाला असता," सबनीस म्हणला. "उतार मिळवून तू जिंकला असतास. म्हटलं, कर. पुढं कधीतरी हाच अंगठा तुझ्या गळ्यात बांधीन. आता तू माझ्याविरुद्ध बोललास तर मी हे सांगेन. गप्प बसलास तर मीही गप्प."

बघा पावणं. दोघं नळीची दोन टोकं धरून हुतो, दोघांनाबी पाणी खोटं हाय ठावं हुतं, आणि मधी म्हातारा बसलाता टोपी धुऊन.

मी चौकशीसायबासमोर गेलो. म्हणलं, लिवा. उतार बरोबर हुता. अंगठा मी ठेवला, जेलराला वाकल्याला बघायला. आणि जेलरानं ते बघितलं आणि तरीबी फोडायला लावलं, मला अडकवायला. त्यानं स्वतः मला सांगितलंय. विचारा त्याला. सबनीस म्हणला, खोटं. पण त्याचं तोंड असं पांढरं पडलं की सायबाला पुढचं विचारायची गरज पडली न्हाय. त्याला घरी बसवलं. माझी शिक्षेतली चौदा महिन्यांची माफी कापली. मला बुडवूनच त्याला बुडवता येत हुतं, आणि मी बुडवला. त्याचं मला आजबी समाधान हाय. दुसरं कशाचं न्हाय.

चौथा उतार मी स्वतः केला. बसून, घसटत, माझ्या हातानं. नव्या जेलरानं बयाबाईला तात्यांची वळकटी न्यायला बराकीपर्यंत सोडलं तवा सिमेंट वाळलंतं. मी तिला कठड्याशी बसवली आणि सगळं सांगितलं. अंगठ्याचं पण. म्हणलं, आक्का, तुझ्या पायातली चप्पल काढ आणि हाण मला, मी हलणार न्हाय.

तिनं चपलेला हात लावला न्हाय. उताराच्या रेघांवरनं बोट फिरवत बसली. मग विचारलं, "दाढी केलीती का त्यांनी?"

"व्हय," मी म्हणलं. "शनिवारीच. टोपीबी धुतलीती."

"मग त्या दिवशी तरी न्हाय झोपले हुते म्हणायचे," ती म्हणली, आणि वळकटी उचलून माझ्या उतारावरनं खाली गेली.